डॉक्टर, चालायचं कुठं?

गेल्या पंधरवड्यातील गोष्ट. दवाखान्यात एक शेतकरी गृहस्थ आले. वय ५६. आयुष्यभर टोमॅटो आणि कांदा केला. आता शेती मुलाच्या हाती आणि यांचा दिवस मोटारसायकलवर. उपाशीपोटी रक्तातील साखर १६८. मी गोळी लिहून दिली, पथ्य सांगितले आणि तीस वर्षांच्या सवयीने पुढचे वाक्य उच्चारले, "रोज पहाटे अर्धा-पाऊण तास चाला."

गृहस्थ हसले. म्हणाले, "डॉक्टर, चालायचं कुठं ते पण लिहून द्या. पहाटं उसात बिबट्या. उजाडलं की रस्त्याला भाजीच्या गाड्या. दहानंतर ऊन. अन् घरात चालाय लागलो तर सूनबाई म्हणती, आबा, येरझाऱ्या घालू नका, बाळ उठंल."

वाचकहो, माझ्याजवळ उत्तर नव्हते. औषधाच्या दुकानात न मिळणारे औषध चिठ्ठीवर लिहून देणारा डॉक्टर आपण शहाणा म्हणत नाही. मग चालायला जागा आहे की नाही याची चौकशी न करता 'चाला' असे सांगणाऱ्या डॉक्टरला काय म्हणावे? म्हणून आजचा लेख चालण्यावर नाही, चालण्याच्या वाटेवर आहे.

चढ-उताराचे तालुके

जुन्नर आणि आंबेगाव हे निसर्गाने भरभरून दिलेले तालुके आहेत. पण दिले ते बहुतेक उभे दिले! शिवनेरीला जायचे तर सात दरवाजे चढून जा. लेण्याद्रीच्या गणपतीला तीनशेच्या आसपास पायऱ्या. हरिश्चंद्रगडाची खिरेश्वरकडची वाट टोलार खिंडीतून छातीवर येते. भीमाशंकरला देव खोलात आहे, म्हणजे जाताना उतार आणि दमलेल्या पायांनी परत येताना चढ. तरुणांना हे सारे उत्तम. पण ज्याचे गुडघे झिजले आहेत, ज्याला दम लागतो, ज्याचे हृदयाचे ऑपरेशन झाले आहे, त्याने कुठे जायचे? शिवाय एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दुखऱ्या गुडघ्यावर उतरताना जो भार पडतो, तो सपाटीवर चालताना पडणाऱ्या भारापेक्षा कितीतरी अधिक असतो.

आपल्याकडे सपाट असे एकच ठिकाण, ते म्हणजे पाणी. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे या दोन तालुक्यांत आहेत. त्यांच्या फुगवट्याच्या काठाने मैलोन् मैल मोकळी जागा आहे. हवा स्वच्छ, समोर डोंगर, हिवाळ्यात पाहुणे पक्षी. नगर-कल्याण रस्त्याने माळशेज घाटाकडे जाताना मढच्या पुढे पिंपळगाव जोगेचे पाणी दिसू लागले की गाडीतल्या प्रत्येकाची मान आपोआप तिकडे वळते. रोहित पक्ष्यांसाठी तर हा परिसर पूर्वीपासून प्रसिद्ध आहे.

जागा आहे, मग अडचण काय? अडचण ही की रस्ता आणि पाणी यांच्यामधले शेवटचे शंभर पाऊल कोणाचेच नाही.

एका आजींचे शंभर पाऊल

दोन वर्षांपूर्वीची घटना. माझ्या एक जुन्या रुग्ण आहेत. वय तेव्हा ६९. मधुमेह आटोक्यात, स्वयंपाक-पाणी, देवपूजा सारे स्वतः करणाऱ्या. डिसेंबरात नातू म्हणाला, "आजी, धरणावर तांबडी बदकं आलीत, चल दाखवतो." आजी हौसेने निघाल्या. रस्त्याच्या कडेला गाडी लावली. तिथून पाण्यापर्यंत उतार, पायरी नाही, धरायला काही नाही, निसटते दगड. निम्म्या वाटेत आजींचा पाय सरकला.

खुब्याचे हाड मोडले. शहरात नेऊन ऑपरेशन करावे लागले. मोडलेले हाड जुळले, पण या वयात खुबा मोडला की माणसाचे जगच आक्रसते. तीन महिने खाटेवर, मग वॉकर, मग घर ते ओटा. पायांतील ताकद गेली, साखर वाढली, मन खचले. मी घरी तपासायला गेलो की त्या एकच म्हणत, "डॉक्टर, मला नुसतं पाणी बघायचं होतं. पाण्यात थोडंच जायचं होतं?"

ते धरण कोणते आणि चूक कोणाची या वादात मी शिरत नाही. पण एवढे खरे की आजींचा घात पाण्याने केला नाही की वयाने केला नाही. तिथे सहा फूट रुंदीची, बेताच्या उताराची वाट असती, तर त्या चक्रवाक पाहून घरी आल्या असत्या आणि संध्याकाळी भाकरी थापली असती.

चालण्याने नेमके काय होते?

चालण्याचे फायदे वाचकांनी अनेकदा वाचले असतील, म्हणून थोडक्यातच सांगतो.

आपण चालतो तेव्हा मांडीचे आणि पोटरीचे स्नायू रक्तातील साखर स्वतःकडे ओढून घेतात. काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट पाहत बसत नाही. हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणूनच लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खाडा करू नये असे मधुमेहींना सांगतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. ही आता केवळ शहरातल्या पेढीवर बसणाऱ्यांची व्याधी उरलेली नाही. शेतात बैल गेले, ट्रॅक्टर आला. पायवाट गेली, मोटारसायकल आली. कष्ट गेले आणि खाणे तेवढेच राहिले.

गुडघेदुखीवाले म्हणतात, "चाललो तर सांधा आणखी झिजेल." हा गैरसमज आहे. सांध्यातील कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. हालचालीने तिच्यातील द्रव आत-बाहेर होतो आणि त्यातूनच तिला पोषण मिळते. बेताने, सपाटीवर, चांगल्या वाटेवर चालणे हे गुडघ्याला औषधच आहे. मात्र सांधा सुजला असेल, गरम लागत असेल तर आधी तपासून घ्यावे.

किती चालावे? जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आठवड्याला किमान १५० मिनिटांचा आहे. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. वेग असा की सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. एकदम अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन हप्ते करा. दहा हजार पावलांचा बाऊ करू नका. तो आकडा जपानमध्ये १९६५ च्या सुमारास विकायला आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला, कोणा वैद्याने नाडी पाहून ठरवलेला नाही. वयस्कर माणसांना त्याहून पुष्कळ कमी पावलांतही लाभ होतो.

मग घरातल्या घरात का चालू नये? जरूर चालावे. पण मोकळ्या निसर्गात मनाला जो विसावा मिळतो तो ओसरीत मिळत नाही. इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन तास निसर्गात घालवणारे लोक, तसे न करणाऱ्यांपेक्षा, आपली प्रकृती आणि मन बरे असल्याचे अधिक प्रमाणात सांगत होते. ते दोन तास एकदम घालवले की तुकड्यांनी, याने फरक पडत नव्हता. अर्थात मुळात धडधाकट माणसेच बाहेर जास्त पडतात, हेही खरे. तरी तीस वर्षांत एक मी पाहिले आहे. 'व्यायाम करा' म्हटल्यावर आठ दिवसांत कंटाळणारा माणूस 'पक्षी पाहायला चला' म्हटल्यावर महिनोन् महिने येतो.

नांदूरमधमेश्वरला काय पाहिले

गेल्या जानेवारीत आम्ही काही जणांनी मिनीबस ठरवली आणि संगमनेर, सिन्नर करत निफाड तालुक्यातील नांदूरमधमेश्वरला गेलो. एकूण चौदा जण. त्यांत नऊ जण साठीच्या पुढचे, दोघांना गुडघ्याचा त्रास, एक हृदयरोगी. आणि वॉकर घेऊन त्या आजीही. घरच्यांचा विरोध होता. मी जबाबदारी घेतली.

नांदूरमधमेश्वरही मुळात सिंचनाचेच पाणी आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला. शंभराहून अधिक वर्षे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने हे नुकसान, पण पक्ष्यांना ते पंगतीचे पान ठरले. १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणथळ म्हणून त्याचे नाव जगाच्या यादीत गेले. इराणमधील रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावरून हे नाव. २ फेब्रुवारी हा दिवस म्हणूनच जागतिक पाणथळ दिन म्हणून पाळतात.

चापडगावच्या बाजूने आम्ही आत गेलो. पक्षी पाहण्यासाठी उंच मनोरा आहे. मनोरा म्हटला की जिना आलाच. आमच्यातले धडधाकट वर गेले. आजींसह चौघे खाली थांबले. मला वाटले, झाले, इतक्या लांब येऊन या बिचाऱ्यांचे दर्शन हुकणार.

तेवढ्यात आमच्यासोबतच्या स्थानिक मार्गदर्शक तरुणाने एक साधी गोष्ट केली. त्याची मोठी दुर्बीण तिपाईवर होती. त्याने तिपाईचे तिन्ही पाय आखडून ती खाली घेतली, एक खुर्ची मागवली आणि म्हणाला, "आजी, बसा हितं. आता डोळा लावा."

आजींनी डोळा लावला. मग किती वेळ त्यांनी तो काढलाच नाही. मागचे तिघे रांगेत उभे! समोर चक्रवाकांची जोडी होती. तीच तांबूस नारिंगी बदके, जी पाहायला त्या दोन वर्षांपूर्वी घरून निघाल्या होत्या. शिवाय चमचासारख्या चोचीने पाणी ढवळणारे चमचे, चित्रबलाक, जांभळ्या पाणकोंबड्या, शेपटीला टोक असलेली तलवार बदके. आजी त्या दिवशी मधे बसत, उठत, वॉकर घेऊन एकूण चाळीस मिनिटे चालल्या. घरी त्यांना दहा मिनिटे चालवताना सून रडकुंडीला येत असे.

परतताना माझ्या डोक्यात तीच तिपाई घोळत होती. सर्वांना पोहोचता यावे म्हणजे कोट्यवधींचा प्रकल्पच हवा असे नाही. कोण येणार आहे, त्याचा डोळा किती उंचीवर आहे, त्याचा पाय किती उचलतो, एवढे आधी मनात आणले की अर्धे काम होते.

आपल्याकडे काय करता येईल?

२०१८ साली जुन्नर हा विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. पर्यटन म्हटले की आपल्याला आधी हॉटेले, कमानी आणि सेल्फीचे कट्टे सुचतात. माझे मागणे त्याहून स्वस्त आहे. प्रत्येक जलाशयाला प्रदक्षिणा घालणारा डांबरी रस्ता मला नको. त्याने पक्षीही जातील आणि शांतताही. एखाद-दुसऱ्या ठिकाणी अर्धा किलोमीटरची एक धड वाट हवी. बाकीचा सारा काठ पक्ष्यांना, मासेमारांना आणि गुरांना राहू द्यावा.

वाट कशी असावी?

१) सहा फूट रुंद, म्हणजे दोन माणसे बोलत शेजारून जातील आणि चाकाची खुर्चीही जाईल. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून पक्की केलेली. सिमेंटची गरज नाही.

२) बारा फूट लांबीत एक फुटाहून अधिक चढ नको. रस्त्यापासून वाटेपर्यंतचे पहिले शंभर पाऊल सर्वांत महत्त्वाचे. तिथे हाताला कठडा हवा.

३) साधारण दर शंभर-दीडशे पावलांवर पाठ टेकता येईल असे बाक. दम लागणाऱ्या माणसाला पुढचा बाक दिसत असला की तो तिथवर हमखास जातो. बाकच नसेल तर तो घरूनच निघत नाही.

४) वाट पाण्याच्या अगदी कडेने नको. ती थोडी दूर असावी आणि मधे झुडपांचा किंवा बांबूच्या तट्ट्याचा आडोसा असावा. आडोशाला दोन झरोके: एक उभ्या माणसासाठी, एक बसलेल्यासाठी. दुसरा विसरू नये.

५) स्वच्छतागृह. मधुमेही आणि प्रोस्टेटचे रुग्ण यांना हे वेगळे सांगायला नको. स्त्रिया तर केवळ याच कारणासाठी पाणी न पिता फिरतात आणि मग उन्हाचा त्रास होऊन माझ्याकडे येतात.

६) गाड्या वरच थांबाव्यात. ध्वनिक्षेपक आणि प्लॅस्टिक आत नको.

आडोशाचे महत्त्व काय, असे कोणी विचारील. हिवाळी बदके दिवसा पाण्यावर विसावा घेतात आणि पुष्कळशी रात्री चरतात. माणूस जवळ गेला की थवा उठतो. एकदा उठवले तर बिघडत नाही. दिवसातून वीस वेळा उठवले तर परतीच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी अंगात साठवलेली चरबी इथेच जळते. ठरलेली वाट आणि आडोसा असला की पक्ष्यांना माणसांची सवय होते आणि ती निर्धास्त राहतात. वाट नसेल तर माणूस कुठूनही, कसाही, थेट पाण्यावर जातो. म्हणजे जी वाट आजींचा खुबा वाचवते, तीच बदकांचाही जीव वाचवते.

यात दोन गोष्टींचे भान ठेवायला हवे. पहिली, ही जमीन मोकळी दिसली तरी बिनधन्याची नाही. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत लोक पिके घेतात. डिंभ्याच्या पाण्याखाली तर ज्याच्यावरून तालुक्याला नाव पडले ते आंबेगावच गेले. तिथल्या विस्थापित आदिवासी बांधवांनी पुढे त्याच पाण्यात मासेमारी उभी केली. जाळी कुठे वाळतात, होडी कुठे लागते, गुरे कुठून पाण्यावर येतात, हे त्यांना विचारल्याशिवाय वाटेची दोरी टाकू नये. उलट वाट दाखवण्याचे आणि दुर्बीण लावून देण्याचे काम त्यांच्याच मुलामुलींना मिळावे.

दुसरी गोष्ट कायद्याची. २०१७ च्या केंद्रीय पाणथळ नियमांच्या व्याख्येत सिंचनासाठी बांधलेले जलाशय येत नाहीत. नांदूरमधमेश्वरला संरक्षण मिळाले ते मुळात वन्यजीव अभयारण्य म्हणून. त्यामुळे आपल्या फुगवट्यांची काळजी कायदा आपोआप घेईल अशा भ्रमात राहू नये. ग्रामपंचायतींनी ठराव करून पाटबंधारे आणि वन या दोन्ही खात्यांकडे जायला हवे. सार्वजनिक जागा दिव्यांगांना वापरता आल्या पाहिजेत, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेलेच आहे. ठरावात त्याचा उल्लेख जरूर करावा.

तोवर चालणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी?

वाट होईल तेव्हा होईल. रोग थांबत नाही. तेव्हा जे आजही पाण्याकाठी फिरायला जातात त्यांच्यासाठी काही सूचना.

वेळ: इतर गावांच्या डॉक्टरांनी लिहिलेले 'पहाटे चाला' आपल्याकडे लागू नाही. बिबट्याचा वावर मुख्यतः संध्याकाळ ते पहाट असतो आणि उसाचे रान हे त्याचे घर झाले आहे. जुन्नर परिसरात हे नवे नाही. माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र त्याच कारणाने उभे राहिले. तेव्हा पूर्ण उजाडल्यावर निघावे आणि सूर्य मावळण्याआधी घरी यावे. दोघा-तिघांनी मिळून, बोलत जावे, हातात काठी असावी. उसाच्या कडेला वाकून किंवा खाली बसून राहू नये. मुले मधे ठेवावीत. बिबट्या दिसलाच तर पळू नये, पाठ दाखवू नये. उभे राहून आवाज करत सावकाश मागे सरावे. वन खात्याची मदतवाहिनी १९२६ आहे.

पायताण: मधुमेहींनी अनवाणी अजिबात चालू नये. बधिर तळव्याला काटा कळत नाही आणि कळतो तेव्हा जखम चिघळलेली असते. पुढे बंद असलेला, मागे पट्टा असलेला, तळाला खाचा असलेला बूट घ्या. घरी आल्यावर तळवे आरशात पाहा.

खिशात: इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी चार चमचे साखरेची पुडी किंवा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी साखर खावी, मग विचार करावा. हृदयरोग्यांनी आपल्या गोळ्या विसरू नयेत. चालताना छातीत दाटले, डावा हात किंवा जबडा भरून आला तर तिथेच बसावे आणि १०८ ला फोन करावा.

गाळ: उन्हाळ्यात पाणी मागे हटले की गाळाला वरून खपली धरते आणि खाली लोण्यासारखा चिखल असतो. भेगाळलेल्या जमिनीवरही काठीने चाचपल्याशिवाय पाय टाकू नये. धरणाच्या दगडी पिचिंगवर शेवाळ असते, त्यावर उतरू नये. धरणाच्या भिंतीवर जिथे प्रवेशबंदी आहे तिथे ती पाळावी.

पाणी: पायाला चीर किंवा जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये. उंदीर व गुरांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू पाण्यात येतात. अशा पाण्यातून चालल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर अंगावर काढू नये आणि डॉक्टरांना 'पाण्यात उतरलो होतो' हे आवर्जून सांगावे.

साप: नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही आपल्याकडे आहेत. दंश झाल्यास चिरू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. माणसाला धीर द्यावा, दंशाचा अवयव हलू न देता ताबडतोब सरकारी रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे घालवलेली वेळ परत मिळत नाही.

पक्षी: पाण्याकडे सरळ चालत जाऊ नये, काठाला समांतर चालावे. बदकांनी माना ताठ करून हालचाल थांबवली की समजावे, आपण फार जवळ आलो. दहा पावले मागे यावे. मार्च ते जून या काळात टिटवी आणि नदीसुरय उघड्या गोट्यांतच अंडी घालतात. अंडी खड्यांसारखीच दिसतात, आपला पाय कधी पडतो ते कळतही नाही. टिटवी तर स्वतःच्या पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवते. आपण तिथे घुटमळत राहिलो की ती बसत नाही आणि अंडी उन्हात भाजतात. या चार महिन्यांत वरच्या रस्त्यानेच फिरावे.

असो. मघाचे ते शेतकरी गृहस्थ परवा पुन्हा आले होते. साखर १४२ वर आली आहे. त्यांनी स्वतःच उत्तर शोधले. शेजारचे तिघे गोळा केले आणि रोज सकाळी साडेसातला, ऊन पडल्यावर, शाळेच्या मैदानाला फेऱ्या घालतात. शाळा भरेपर्यंत. मी म्हटले, "छान. कंटाळा नाही ना येत?"

"येतो की," ते म्हणाले. "बैलासारखं गोल गोल. पण तुमच्या त्या पाण्यावरच्या वाटंचं काय झालं?"

मी त्यांना ग्रामपंचायतीला द्यायच्या अर्जाचा मसुदा दाखवला. त्यावर सह्या गोळा करण्याचे काम सुरू आहे. पहिली सही आजींची आहे. अक्षर जरा थरथरते, पण नाव पूर्ण लिहिले आहे. गृहस्थांनी खिशातून पेन काढून तिच्याखाली आपली सही केली.